आदेश वेळेवर, मदत वाटेतच: पेरूचा कोविड अनुभव

लोकसंख्येच्या प्रमाणात कोविडचे सर्वाधिक मृत्यू नोंदवणारा देश म्हणून २०२१ च्या मध्यापासून पेरूचं नाव घेतलं जाऊ लागलं. वस्ती सुमारे ३ कोटी ३० लाख, आणि कोविडचे मृत्यू २ लाखांच्या वर. नुसता हा आकडा वाचणाऱ्याला वाटेल की तिथलं सरकार हातावर हात ठेवून बसलं असणार. घडलं ते नेमकं उलट, आणि म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहायला हवं.

देशातला पहिला रुग्ण ६ मार्च २०२० रोजी सापडला. १५ मार्चच्या रात्री राष्ट्राध्यक्ष मार्तीन विस्कार्रा यांनी देशभर आणीबाणी जाहीर केली, तेव्हा रुग्णसंख्या शंभराच्या आत होती आणि कोविडचा एकही मृत्यू नोंदला गेला नव्हता. सीमा बंद झाल्या, अत्यावश्यक कामाखेरीज घराबाहेर पडायला मनाई झाली, पाठोपाठ रात्रीची संचारबंदी आली, रस्त्यांवर लष्कर उभं राहिलं. शेजारच्या ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष साथीची खिल्ली उडवत असताना पेरूने लॅटिन अमेरिकेतल्या सर्वांत आधीच्या आणि सर्वांत कडक टाळेबंद्यांपैकी एक लागू केली. पैशांच्या बाबतीतही हात आखडता नव्हता. आधीच्या वीसेक वर्षांत अर्थव्यवस्था वाढली होती, सरकारवरचं कर्ज जीडीपीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच होतं, गंगाजळी भरलेली होती. तरुण अर्थमंत्री मारिया आंतोनिएता आल्वा यांनी जीडीपीच्या सुमारे १२ टक्क्यांचं पॅकेज उभं केलं. विकसनशील देशांत एवढं मोठं पॅकेज क्वचितच कुणाला जमलं.

निर्णय वेळेत झाला, तिजोरीत पैसा होता, लोकांनीही सुरुवातीला मनापासून साथ दिली. तरी असं का झालं? माझं मत असं आहे की पेरूमध्ये निर्णय चुकला नाही, तो पोहोचवणारी वाट नव्हती. सरकार आणि माणूस यांच्यामध्ये जे काही लागतं, म्हणजे बँकेचं खातं, अद्ययावत यादी, नळाचं पाणी, गावातला दवाखाना, ऑक्सिजनचा सिलिंडर, ते सगळं एकतर नव्हतं किंवा फार अपुरं होतं. राजधानी लिमातून निघालेला आदेश तासाभरात देशभर पोहोचत होता, त्याच्यामागून निघालेली मदत मात्र जागोजागी अडकत होती.

घरी थांबणं कुणाला शक्य होतं

पेरूमध्ये दहापैकी सातहून अधिक कामगार असंघटित क्षेत्रातले. फेरीवाले, हमाल, मोटोटॅक्सी चालवणारे, घरकाम करणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर. आजची कमाई आजच्या जेवणाला. यांच्यापैकी बहुतेकांना पगारी रजा, भविष्य निर्वाह निधी, कामावर असल्याचा कागद यातलं काहीच नाही. टाळेबंदीचे पहिले पंधरा दिवस त्यांनी काढले. उरलेली रक्कम, उधारी, शेजारपाजार यांवर तेवढे दिवस निघतात. मुदत वाढत गेली तशी माणसं बाहेर पडू लागली. काही वर्तमानपत्रांनी त्यांना बेशिस्त ठरवलं. हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. उपाशी मुलासाठी भाकरी आणायला निघालेल्या आईला शिस्तीचे धडे देता येत नाहीत.

दुसरी अडचण फ्रिजची. २०१७ च्या जनगणनेनुसार देशातल्या निम्म्याच्या आसपास घरांतच फ्रिज होता. ज्या घरात फ्रिज नाही त्या घराला दर एक-दोन दिवसांनी बाजारात जावंच लागतं, आणि हातात रोजचे पैसे रोज येत असतील तर महिन्याचा किराणा एकदम भरताही येत नाही. पेरूमध्ये हा बाजार म्हणजे बहुधा छपराखालचा दाटीवाटीचा बाजार: अरुंद बोळ, खेटून गाळे, हवा खेळायला जागा नाही. संचारबंदीमुळे खरेदीचे तास कमी झाले आणि तेवढीच गर्दी थोड्या तासांत कोंबली गेली. मे महिन्यात लिमाच्या ला व्हिक्टोरिया भागातल्या घाऊक फळबाजारात विक्रेत्यांची चाचणी झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी बहुसंख्य बाधित निघाले. घरात कोंडलेल्या शहराला विषाणू बाजारातून मिळत होता.

एप्रिलच्या सुरुवातीला आणखी एक प्रयोग झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरुषांनी बाहेर पडायचं, मंगळवार, गुरुवार, शनिवार बायकांनी, रविवारी कुणीच नाही. घरची खरेदी बहुतेक ठिकाणी बायकाच करतात ही साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. बायकांच्या दिवशी बाजार ओसंडून वाहू लागले आणि आठवडाभरातच नियम मागे घ्यावा लागला. चूक लवकर सुधारली, हे सरकारच्या बाजूने नोंदवायला हवं.

३८० सोल आणि बँकेची रांग

गरीब कुटुंबांसाठी ३८० सोलची (सोल हे पेरूचं चलन) मदत टाळेबंदीसोबतच जाहीर झाली. तेव्हाचं किमान वेतन महिन्याला ९३० सोल होतं, म्हणजे रक्कम अगदीच नगण्य नव्हती. पहिल्या फेरीत २७ लाख कुटुंबं निवडली गेली. पुढे स्वयंरोजगारवाल्यांसाठी वेगळी मदत, ग्रामीण भागासाठी वेगळी, आणि शेवटी ६८ लाख कुटुंबांसाठी ७६० सोलची सार्वत्रिक मदत आली.

यादी जुन्या घरगुती नोंदींवर बेतलेली होती. ज्यांचं पोट साथीमुळे बुडालं ते कालपर्यंत गरीब म्हणून नोंदलेलेच नव्हते, त्यांची नावं कुठून असणार? उलट सुस्थितीतल्या काही घरांची नावं यादीत निघाली. याद्या दुरुस्त करत करत, एकामागून एक नवी योजना आणत सरकार जवळपास सगळ्यांपर्यंत आलं, पण तोवर कित्येक आठवडे गेले होते. मला वाटतं, सार्वत्रिक मदत पहिल्याच दिवशी जाहीर झाली असती तर नको त्या काहींना पैसे गेले असते एवढाच तोटा होता. नेमका गरजू शोधण्याच्या नादात गेलेला वेळ त्याहून महाग पडला.

पैसे द्यायचे कसे, हा प्रश्न तर उरलाच. दहापैकी जेमतेम चार प्रौढांचं बँकेत खातं होतं. बाकीच्यांनी ओळखपत्र घेऊन शाखेत जायचं आणि रोख उचलायची. अनेक गावांत सरकारी बांको दे ला नासिओन सोडून दुसरी बँकच नाही. पहाटेपासून बँकेबाहेर फुटपाथभर रांगा लागल्या, म्हातारीकोतारी माणसं खांद्याला खांदा लावून तासन्तास उभी राहिली. घरी थांबता यावं म्हणून दिलेली मदत घ्यायला घराबाहेर पडून गर्दीत उभं राहावं लागत होतं. हे उघड दिसत होतं, पण बदलायला साधन नव्हतं. ओळखपत्राच्या आधारे प्रत्येक प्रौढाचं खातं उघडण्याचा कायदा २०२१ च्या सुरुवातीला झाला, म्हणजे पहिली लाट ओसरून गेल्यावर.

एप्रिलच्या मध्यावर लिमातून बाहेर जाणाऱ्या महामार्गांवर माणसांचे तांडे दिसू लागले. आयाकुचो, वानकावेलिका, वान्कायो अशा डोंगराळ भागांतून कामासाठी आलेली, खोलीभाडं थकलेली, हाताला काम नसलेली कुटुंबं चालत गावाकडे निघाली होती. पाठीवर गाठोडी, कडेवर मुलं, आणि पुढे अँडीजचा चढ. पोलिसांनी वाट अडवली, काही ठिकाणी अश्रुधूर सोडला. नंतर प्रांतिक सरकारांनी नोंदणी करून, चाचणी आणि विलगीकरणाच्या अटीवर बसगाड्यांची सोय केली. नोंदणी करणाऱ्यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली. नंबर येईपर्यंत लोक रस्त्याच्या कडेलाच झोपत होते.

चाचणीची उलटी बाजू

आरटी-पीसीआरची सोय सुरुवातीला लिमाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेपुरतीच होती. जगभर किटसाठी झुंबड उडाली होती. सरकारने मग रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी जलद चाचणी लाखोंच्या संख्येने विकत घेतली आणि निदानासाठी मुख्यतः तीच वापरली. प्रतिपिंडं तयार व्हायला लक्षणं दिसल्यापासून आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे ज्या दिवसांत माणूस सर्वाधिक संसर्ग पसरवतो नेमक्या त्याच दिवसांत चाचणी निगेटिव्ह यायची, आणि तो निश्चिंत मनाने घरी जायचा. साथ होऊन गेलेल्या वस्तीचा अंदाज घ्यायला ही चाचणी ठीक आहे, साखळी तोडायला तिचा उपयोग जवळपास नाही. डॉक्टर हे सांगत होते. तरीही मोजायला काहीतरी हवं या घाईत ती चालू राहिली.

औषधांचंही तसंच झालं. मे २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने जंतांवरचं आयव्हरमेक्टिन आणि हिवतापावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही कोविडवर उपयोग सिद्ध न झालेली औषधं उपचारांच्या यादीत घेतली, आणि लोक जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिनसुद्धा घेऊ लागले. यादीतून ही औषधं काढायला बराच काळ गेला.

ऑक्सिजन

पेरूच्या साथीची खरी कहाणी ऑक्सिजनची आहे, त्यामुळे इथे थोडं थांबतो.

देश साथीत शिरला तेव्हा आयसीयूच्या खाटा अगदी मोजक्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक लिमात. आरोग्यव्यवस्था तुकड्यातुकड्यांत विभागलेली: गरिबांसाठी मंत्रालयाची आणि प्रांतांची रुग्णालयं, पगारदारांसाठी एस्सालूद ही विमा संस्था, लष्कराची वेगळी, पोलिसांची वेगळी, वर खाजगी. सरकारचा आरोग्यावरचा खर्च वर्षानुवर्षं पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेने सुचवलेल्या जीडीपीच्या ६ टक्क्यांच्या खूप खाली. २०१९ च्या पॅन अमेरिकन खेळांसाठी बांधलेलं खेळाडूंचं गाव एस्सालूदने झपाट्याने कोविड केंद्र केलं, खाटा वाढल्या, व्हेंटिलेटर आले. पण बहुतेक रुग्णांना व्हेंटिलेटर लागत नाही, ऑक्सिजन लागतो. तोच संपला.

हिशोब साधा आहे. दहा घनमीटरचा मोठा सिलिंडर म्हणजे दहा हजार लिटर. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर तो साडेसोळा तासांत रिकामा होतो. कोविडचा रुग्ण आठ-दहा दिवस ऑक्सिजनवर राहतो. घरी उपचार घेणाऱ्या एका माणसासाठी रोज दीड सिलिंडर, म्हणजे निदान दोन सिलिंडर आलटूनपालटून हाताशी हवेत: एक लावलेला, एक भरायला नेलेला. म्हणून लिमा आणि तिला लागून असलेल्या कायाओ या बंदरात भरणा केंद्रांबाहेर किलोमीटरभर रांगा लागल्या. लोक सिलिंडर ओळीत उभे करून, शेजारी पांघरूण टाकून रात्र काढत. मुलगा रांगेत, मुलगी घरी काट्याकडे बघत बसलेली. दोघांत फोन चालू: किती उरला? भाव कित्येक पटींनी चढले. सिलिंडरची अनामतच हजारो सोलवर गेली, आणि ती भरण्यासाठी कुटुंबांनी घरातल्या वस्तू विकल्या. कायाओतल्या एका छोट्या विक्रेत्याने १५ सोल घनमीटर हा जुना भाव शेवटपर्यंत बदलला नाही. त्याच्या दारासमोरची रांग सर्वांत लांब असायची.

ऑक्सिजन हवेतून काढतात, आणि हवा पेरूतही आहे. मग टंचाई का? एक कारण नियमात होतं. औषधी ऑक्सिजन ९९ ते १०० टक्के शुद्ध असायला हवा, अशी पेरूची अट होती. एवढी शुद्धता हवा अतिथंड करून द्रव ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या मोठ्या कारखान्यांनाच साधते, आणि देशात हा बाजार दोन मोठ्या कंपन्यांच्या हातात होता. रुग्णालयाच्या आवारात बसवता येणारा पीएसए प्लांट झिओलाइट या खनिजाच्या खड्यांतून हवा दाबून नायट्रोजन अडवतो आणि साधारण ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन देतो. रुग्णाला तेवढा पुरतो. जागतिक आरोग्य संघटनाही तो मान्य करते. नियमामुळे मात्र सरकारी रुग्णालयांना असे प्लांट बसवायला प्रोत्साहन उरलं नव्हतं. जे होते त्यांतले अनेक देखभालीअभावी बंद पडलेले. ४ जून २०२० च्या तातडीच्या अध्यादेशाने ऑक्सिजनला अत्यावश्यक ठरवलं आणि ९३ टक्क्यांना मान्यता दिली. एवढी एक ओळ दहा वर्षं आधी बदलली असती तर किती माणसं वाचली असती, हा विचार मनातून जात नाही.

अॅमेझॉनच्या जंगलातलं इकितोस शहर लोरेतो प्रांताची राजधानी आहे. देशाच्या उर्वरित भागाशी त्याला जोडणारा रस्ता नाही. विमान किंवा नदी, एवढेच पर्याय. एप्रिल-मे २०२० मध्ये तिथलं प्रांतिक रुग्णालय भरून वाहत होतं, डॉक्टर आणि परिचारिका स्वतः आजारी पडत होत्या, काही दगावले, काहींना विमानाने लिमाला हलवलं. ऑक्सिजन लिमाहून विमानाने यायचा, तोही थोडाथोडका. रायमुंदो पोर्तेल्ली हे तिथले धर्मगुरू स्वतः डॉक्टरही आहेत. त्यांनी मे महिन्याच्या सुरुवातीला ऑक्सिजन प्लांटसाठी लोकांकडे पैसे मागितले आणि एका दिवसात पहिल्या प्लांटपुरती रक्कम जमली. पुढे देशभर कॅथलिक बिशपांची परिषद, उद्योजकांची संघटना आणि विद्यापीठं यांनी मिळून अशीच मोहीम चालवली. लिमाच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी विद्यापीठातल्या अभियंत्यांनी प्लांट बांधून दिले.

इकितोसचा पुढचा भागही महत्त्वाचा. जुलै २०२० मध्ये तिथे झालेल्या पाहणीत सुमारे ७० टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं आढळली. शहराने साथ भोगून संपवली, आता सामूहिक प्रतिकारशक्ती आली, असं बोललं गेलं. जानेवारी २०२१ मध्ये कोविडच्या विषाणूच्या गॅमा या नव्या प्रकारासोबत दुसरी लाट आली आणि इकितोसची रुग्णालयं पुन्हा भरली. देशभर ऑक्सिजन पुन्हा कमी पडला, चिलीकडून मागवावा लागला. मधल्या काळात प्लांट वाढले होते, पण पहिली लाट ओसरल्यावर कामाचा वेग सैल पडला होता.

डोंगरावरची चूल

लिमाच्या भोवतीच्या उघड्याबोडक्या वालुकामय टेकड्यांवर लाखो माणसं राहतात. सान हुआन दे लुरिगांचो, विया मारिया देल त्रियुंफो, काराबायो. वर जाल तसं घर पत्र्याचं आणि प्लायवूडचं होतं, नळ संपतो, टँकरचं पाणी पिंपांत साठवावं लागतं, आणि ते नळाच्या पाण्याहून कितीतरी महाग पडतं. वारंवार हात धुवा हा सल्ला इथेही त्याच शब्दांत पोहोचला.

एप्रिलपासून या टेकड्यांवर घरांपुढे पांढरे झेंडे लागले. अर्थ एवढाच की घरात खायला नाही. त्यानंतर बायकांनी एकत्र येऊन चुली पेटवल्या. ओया कोमून, म्हणजे सामायिक हंडा. ही जुनी रीत आहे, १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या संकटांत लिमाच्या बायकांनी ती जगवलेली. घाऊक बाजारात उरलेली भाजी मागून आणायची, कोंबडीचे पाय-पंजे, मूठमूठ तांदूळ, मसूर घरोघरून गोळा करायचे, लाकूडफाटा जमवायचा, आणि मोठ्या पातेल्यात पन्नास-शंभर जणांचं एका वेळचं जेवण रांधायचं. एक सोल, कधी त्याहून कमी, कधी फुकट. ज्या घरात रुग्ण आहे तिथला डबा दाराशी ठेवून यायचा. कुणाला किती मुलं, कोण म्हातारं एकटं, कुणाचं काम सुटलं हे या बायकांना वहीत न बघता ठाऊक होतं. सरकारच्या यादीत जे नव्हतं ते नेमकं हेच.

लिमात अशा चुलींची संख्या २ हजारांच्या वर गेली. शासनाला त्यांची दखल घ्यायला मात्र वेळ लागला. जुन्या नोंदणीकृत सार्वजनिक भोजनालयांसाठी अनुदान होतं, या नव्या चुली कुठल्याच रकान्यात बसत नव्हत्या. महिला प्रतिनिधींनी महापालिकेसोबत बसून नोंदणी करून घेतली, नकाशे बनवले, मंत्रालयांचे उंबरे झिजवले. ओया कोमूनला मान्यता देणारा कायदा २०२२ मध्ये झाला. माझ्या नजरेत पेरूच्या या सगळ्या अनुभवातलं सर्वांत भक्कम काम हेच. पहिल्या दिवसापासून मदतीचा पैसा आणि धान्य या बायकांच्या हाती दिलं असतं तर ते बँकेच्या रांगेत अडकलं नसतं.

राजकारणाबद्दल थोडक्यात. ९ नोव्हेंबर २०२० ला संसदेने विस्कार्रा यांना पदावरून काढलं. त्यांच्या जागी आलेल्या मानुएल मेरिनो यांच्याविरुद्ध तरुणांनी रस्ते भरले, दोन तरुण मारले गेले, मेरिनो आठवड्याच्या आत गेले आणि १७ नोव्हेंबरला फ्रान्सिस्को सागास्ती आले. दुसऱ्या लाटेच्या तोंडावर आठवडाभरात तीन राष्ट्राध्यक्ष. लस फेब्रुवारी २०२१ मध्ये आली आणि त्याच आठवड्यात उघड झालं की सायनोफार्म या चिनी कंपनीच्या लशीच्या चाचणीसाठी आलेल्या जादा मात्रांतून ४८७ जणांनी गुपचूप लस टोचून घेतली होती. त्यांत माजी राष्ट्राध्यक्ष विस्कार्रा होते, आरोग्यमंत्री पिलार मास्सेत्ती होत्या, परराष्ट्रमंत्री एलिझाबेथ आस्तेते होत्या. दोन्ही मंत्र्यांना पद सोडावं लागलं. वॉर्डांत साध्या मास्कवर उभ्या राहिलेल्या परिचारिकांना त्या आठवड्यात काय वाटलं असेल!

मोजणी

पेरूमध्ये २०१६ पासून मृत्यूंची संगणकीय नोंद ठेवणारी सिनाडेफ ही यंत्रणा आहे, आणि तिचा तपशील सर्वांसाठी खुला आहे. कोविडचा अधिकृत आकडा मात्र प्रामुख्याने चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांचा होता. घरी, रांगेत, चाचणीविना गेलेली माणसं त्यात नव्हती. पत्रकार आणि संशोधक सिनाडेफमधले एकूण मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहत होते, आणि दर महिन्याला दोन आकड्यांमधली दरी वाढत होती.

सागास्ती सरकारने तज्ज्ञांचा गट नेमला. केवळ चाचणी नव्हे तर क्ष-किरण, लक्षणं, बाधिताशी आलेला संपर्क, मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण, हे सगळे निकष धरून मोजणी नव्याने झाली. ३१ मे २०२१ रोजी पंतप्रधान व्हायोलेता बेर्मुदेस यांनी निकाल जाहीर केला. आदल्या हिशोबात ६९,३४२ मृत्यू होते, नव्या हिशोबात १,८०,७६४. एका दिवसात पेरू लोकसंख्येच्या प्रमाणात जगात पहिला आला, तोही राष्ट्राध्यक्षपदाच्या निर्णायक मतदानाच्या आठवडाभर आधी. हा आकडा जाहीर करायला धैर्य लागलं. जगात अनेक देशांचे अधिकृत आकडे आणि प्रत्यक्ष अतिरिक्त मृत्यू यांत आजही मोठं अंतर आहे. तक्त्यात पेरू सर्वांत वर दिसतो याचं एक कारण असं की त्याने आपली माणसं मोजली.

टाळेबंदीचा आर्थिक हिशोबही राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने तसाच उघड मांडला. २०२० मध्ये अर्थव्यवस्था सुमारे ११ टक्क्यांनी आकसली. गरिबांचं प्रमाण २०.२ टक्क्यांवरून ३०.१ टक्क्यांवर गेलं.

आणि मुलं. आई, वडील किंवा सांभाळणारे आजी-आजोबा गमावलेल्या मुलांचं प्रमाण २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेरूमध्ये सर्वाधिक आढळलं, दर हजार मुलांमागे दहाच्या आसपास. सरकारने मार्च २०२१ मध्ये कोविडने अनाथ झालेल्या मुलांसाठी दरमहा २०० सोलचं साहाय्य सुरू केलं. ते मिळवायला सांभाळणाऱ्या आजीला किंवा मावशीला मृत्यूचा दाखला, मुलाचं ओळखपत्र आणि अर्ज घेऊन कार्यालयापर्यंत पोहोचावं लागत होतं.